खालमुंडी

पदवीच्या परीक्षेत मी जी वनस्पतींची फाईल दिली, ती माझी नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आप्पांना, माझ्या वडिलांना, सांगितलं नाही, ते गेले. बायकोला सांगितलं नाही. ज्या मुलांना सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं, कॉपी करताना धरून वर्गाबाहेर उभं केलं, त्यांना तर कुठल्या तोंडानं सांगणार? लोक मला अबोल समजतात. मीही समजू दिलं. सोयीचं होतं.

आता बोलायला लागलो त्याला कारण अंगणात उगवलेलं एक रोपटं.

गेल्या उन्हाळ्यात घराच्या मागच्या बाजूला तलावातला गाळ दोन ट्रॉल्या टाकून घेतला. हिनं त्यात मेथी लावली, वांगी लावली, एका कोपऱ्यात झेंडू. दसरा झाला, दिवाळी झाली, झेंडू उतरला आणि धुण्याच्या दगडाशेजारी, जिथं साबणाचं पाणी जातं तिथं, न लावता काहीतरी वर आलं. गुडघ्याएवढं. पानं खरखरीत, बोट फिरवलं तर बारीक कूस टोचल्यासारखं होतं. पान देठाशिवायच खोडाला मिठी मारून बसलेलं. आणि फुलं सगळी खाली बघणारी. एकही फूल वर तोंड करून उभं नाही.

"अहो, ह्ये काय उगवलंय?" ही म्हणाली.

"बघतो."

"चार दिवस झाले बघताय. मास्तर ना तुमी?"

"विज्ञानाचा."

"मंग ह्ये काय भूगोलात येतंय का?"

मी हसलो, पण नाव काही आलं नाही. हिनं मोबाईल आणला. हल्ली मोबाईल झाडापुढं धरला की नाव सांगतो. पहिल्यांदा तो तंबाखू म्हणाला. दुसऱ्यांदा वांगं म्हणाला. तिसऱ्यांदा फोटो नीट काढा म्हणाला.

"त्याला बी तुमच्याइतकंच कळतंय," ही म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली. जाताजाता म्हणाली, "विषारी असलं तर उपटते. शेळी येती भिंतीवरून, खाईल बिचारी."

ती गेल्यावर मी खाली बसलो. गुडघे वाजले. एका फुलाच्या हनुवटीखाली बोट घालून त्याचं तोंड वर केलं. फिकट निळं. धुऊन धुऊन विरलेल्या पोलक्याचा असतो तसा निळा. घशाशी पांढरं, त्यावर तपकिरी ठिपके, मधोमध दाभणासारखं एक टोक. शेजारचं जुनं फूल गुलाबीकडं झुकलेलं. बोट काढलं तसं ते फूल पुन्हा खाली वळलं.

मी हे झाड आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आणि तरी त्या खरखरीत पानाची ओळख बोटांना होती. डोळ्यांना नव्हती, बोटांना होती. असं कसं, म्हणून मी तिथंच बसून राहिलो. समोरच्या रस्त्यानं ऊसतोडीचा एक ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, हंडे, बाजेचे पाय, एक कोंबडी पाटीखाली, आणि सगळ्याच्या वर बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. एकीनं माझ्याकडं बघितलं. अनोळखीच होती. पण मी मान खाली घातली.

मग मला वाळलेल्या पानांचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास आला. अंगणात दोन्ही नव्हतं.

वडवणीला आमचं किराणा दुकान होतं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे, पण डोळे मिटून त्या ओट्यावर उभा राहिलो तर आजही मला सांगता येईल की हिंगाचा डबा कुठं, मिरचीचं पोतं कुठं, घासलेटाची टाकी कुठं. त्या वर्षांत सगळं नवं येत होतं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानाच्या दारात तोरणासारख्या लटकायला लागल्या आणि मागं शिकेकाईच्या पोत्यावर धूळ बसली. चौकात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला. हॉटेलवाल्याच्या गच्चीवर मोठी छत्री आली आणि संध्याकाळी अख्खं गाव त्याच्या रंगीत टीव्हीसमोर चहा थंड करत बसायला लागलं. आप्पा म्हणायचे, "जग लई जोरात चाललंय. आपल्या दारावरून जाईल, आत न्हाई यायचं." ते सकाळी अंघोळ करून तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे. आमच्या घरात झाडांची ओळख होती ती एवढीच: महादेवाला चालतं की नाही. बेल चालतो, धोत्रा चालतो, रुई चालते. बाकी सगळं गवत.

अशा घरातून मी बीडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं. का घेतलं ते आता आठवत नाही. बहुधा रांग छोटी होती.

सकाळची यष्टी. खिडकीला काच नाही, बाहेर ज्वारीच्या पोटऱ्यांवर दव, करडईचा काटेरी हिरवा, आणि आत ओल्या घोंगडीचा, तंबाखूचा, तेल लावलेल्या केसांचा वास. एका फाट्यावर गाडी थांबायची आणि द्वारका चढायची. तिच्या गावात गाडी जात नव्हती; फाट्यापर्यंत ती चालत यायची. हातात वह्यांबरोबर कायम कसली तरी डहाळी.

"बाई, झाडं न्यायची तर लगेजचं तिकीट घ्या," कंडक्टर म्हणायचा.

"पानाला तिकीट, मंग फुलाला अर्धं का वो?" ती म्हणायची. गाडी हसायची. ती हसायची नाही. डहाळी वहीत दाबून त्यावर बसायची, सरळ. बीड येईपर्यंत पहिलं दाबकाम झालेलं असायचं.

तिचे आईवडील दर हंगामात कारखान्याला जायचे. लहानपणी तीही जायची. ऊस तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत, फडाच्या बांधावर, बैलगाडीच्या मागं चालताना तिनं झाडं गोळा केली ती तेव्हापासून. शाळा बुडायची, पण पुस्तक बरोबर असायचं, आणि पुस्तकात पानं. कॉलेजात आल्यावर तिला कळलं की ह्याला हर्बेरियम म्हणतात आणि ह्याचे मार्क मिळतात. तिला ह्याचं मोठं नवल वाटलं होतं.

परीक्षेला प्रत्येकानं चाळीस झाडांची फाईल द्यायची होती. झाड मुळासकट आणायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, कागद दर दोन दिवसांनी बदलायचा, पुरतं वाळलं की जाड कागदावर शिवायचं, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. शास्त्रीय नाव, कूळ, स्थानिक नाव, ठिकाण. फाईल नसेल त्याला प्रॅक्टिकलला बसू द्यायचे नाहीत.

द्वारकाला कागद लागायचे. आमच्या दुकानात रद्दी ढिगानं होती. पुड्या बांधायला घ्यायचो, पण प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि रद्दी पडून राहिली. बाजारच्या दिवशी ती यायची. आप्पांसमोर मला "तुमी" म्हणायची, ते आत गेले की "शेट".

"शेट, रद्दी हाय का?"

"आहे की. तोलून देऊ?"

"तोलून कावून? तुला कुठल्या झाडाचं नाव आडलंय ते सांग. मी नाव देते, तू रद्दी दे."

असा आमचा सौदा. तिच्या झाडांच्या पाठीवर आमच्या रद्दीची शाई उमटायची. पाकळीच्या मागं कधी नव्या स्कूटरच्या जाहिरातीचं अर्धं चाक, कधी कुणा मंत्र्याचा कान. ती ते उन्हाकडं धरून बघायची आणि मग हसायची. यष्टीत न हसणारी ती, इथं हसायची. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. "ऐक" म्हणायचो. तेवढ्यानं ती वळायची.

तिच्या लेबलांत कॉलेजनं सांगितल्यापेक्षा जास्त ओळी असायच्या. शेवटची ओळ असायची "सांगणार". त्यापुढं कुणाचं तरी नाव: भागूमावशी, गाडीवान. किसनदादा, फडकरी. सरांनी एकदा वर्गात विचारलं, "हे काय?"

"सर, नाव काय झाडाला चिटकून येतंय का? कुनीतरी सांगितलेलं असतंय. मंग त्याचं नाव नको लिव्हायला?"

सर चांगले होते. म्हणाले, "याला मार्क नाहीत हं, द्वारका."

"नसूंद्या सर."

एकदा वर्गाची सहल धर्मापुरीला गेली होती. जुनं देऊळ, भिंतींवर दगडी बायका, कुणी आरशात बघणारी, कुणी पायातला काटा काढणारी. पोरं त्या बायकांसमोर फोटो काढत होती. द्वारका दगडांच्या सांध्यांत उगवलेलं हिरवं बघत मागच्या बाजूला गेली आणि मी तिच्या मागं, जरा अंतर ठेवून. उन्हानं दगड तापले होते. त्यांच्यावर पाकोळ्यांच्या विष्ठेचा, शेवाळाचा, जुन्या तेलाचा वास होता. ती म्हणाली, "डोळे झाक." मी झाकले. तिनं एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं.

"सांग."

"तुळस."

"वास नीट घे की. तुळस अशी आंगावर येती का? रानतुळस हाय ही." दुसरं पान. "आता?"

"कोथिंबीर?"

"आरं द्येवा. दुकानात बसून बसून ह्येचं नाक गेलं."

तिसऱ्या पानाला मी उगाच चूक सांगितलं, कारण मला डोळे उघडायचे नव्हते. बंद पापण्यांवर ऊन तांबडं होतं, समोर तिच्या बांगड्या वाजत होत्या, कुठंतरी देवळाच्या पुढच्या बाजूला सर हजेरी घेत होते. त्या दिवसातलं मला एवढंच आठवतं. पण एवढं मात्र रोज आठवतं.

माझी फाईल कशी बुडाली ते सांगतो. सर म्हणाले होते, झाडं वजनाखाली दाबा. पोरांनी पाटे ठेवले, ट्रंका ठेवल्या. द्वारकानं जात्याखाली ठेवली. मी दुकानाच्या मागच्या खोलीतलं सगळ्यात जड काय असेल ते बघितलं, आणि झाडांच्या थप्पीवर गुळाच्या ढेपी रचल्या. श्रावण होता. कागद बदलायला दोनचारदा गेलो असेन. नंतर हॉटेलातल्या टीव्हीवर मॅची सुरू झाल्या. दाबलेलंच आहे, वाळतंय, असं मनाला सांगत राहिलो. गूळ दमट हवेत पाझरतो हे मला, वाण्याच्या पोराला, ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुकानात शिकलेलं आणि कॉलेजात शिकलेलं एकमेकांना कधी भेटलंच नव्हतं.

संक्रांत झाली आणि तिच्या वहिनीचे दिवस भरत आले. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. वहिनी निघाली तर भावाचा कोयता अर्धा राहतो. द्वारकाला जावं लागलं. बीडच्या स्टँडवर, उपड्या पडलेल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी, तिनं जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. हलकं होतं. चाळीस झाडांचं वजन किती असणार?

"शेट, सरांस्नी दे. पुरी झालीय. लेबलं बी लावलीत." मग एका चिठोऱ्यावर मुकादमाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता. "तारीख लागली का कार्ड टाक. एक दिस आधी कळलं तरी येते. उभ्यानं येईन यष्टीत."

"टाकतो."

"इसरू नको. तुज्या नाकासारखं डोस्कं बी नसूंदे."

एवढं म्हणून ती गाडीत चढली. खिडकीतून हात दिसला नाही. गर्दी होती.

फेब्रुवारीत तारीख लागली. कॉलेजच्या फलकावर वाचली आणि त्याच दुपारी पोस्टातून कार्ड घेऊन लिहिलं. तारीख, वेळ, "नक्की ये". हे कार्ड मी खऱ्या मनानं लिहिलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. ते शर्टाच्या खिशात घालून वडवणीला आलो, म्हटलं सकाळी टाकू. आणि आपली फाईल शिवायला काढावी म्हणून मागच्या खोलीत गेलो.

ढेपी उचलल्या. खाली काळा चिकट लगदा. रद्दी, पानं, गूळ, सगळं एक झालेलं, आणि त्यातून मुंग्यांच्या रांगा. आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"आरं, गुळाखाली झाडपाला कावून ठिवलास? मुंग्यांचं लगीन लावलंस का?"

त्यांना हसू आलं. मलाही आलं, थोडं. मग मी बाहेर बघितलं. रान वाळून गेलेलं. बांधावर एक हिरवं पान नाही. चाळीस झाडं आता पाऊस पडल्याशिवाय उगवणार नव्हती.

गाठोडं माझ्या खोलीत होतं. सरांना द्यायचं राहिलं होतं, उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत.

दोन दुपारी लागल्या. मैद्याची खळ शिजवली. तो वास अजून लक्षात आहे, कोमट, गोडसर, लग्नाच्या पत्रिका चिकटवताना येतो तसा. नवी लेबलं लिहिली आणि तिच्या लेबलांवर डकवली. काढायला गेलो असतो तर कागद फाटला असता. तिची स्थानिक नावं सरांच्या ओळखीची होती, म्हणून ती टाळली, पुस्तकातली घातली. "सांगणार" ही ओळ तर वगळलीच. शास्त्रीय नाव आणि कूळ तेवढं उतरवून घेतलं, बाकी वाचलं काही नाही. वाचलं असतं तर हात थांबला असता, अशी मला तेव्हाही भीती होती. पानं उलटताना बोटांना लागत होती, मऊ, गुळगुळीत, आणि एक खरखरीत.

आता ती परीक्षेला आली तर? हा प्रश्न दुसऱ्या दुपारी पडला, शेवटचं लेबल डकवताना. कार्ड खिशातच होतं. मी ते टाकलं नाही. फाडलंही नाही. तसंच राहू दिलं. चार दिवसांनी आईनं शर्ट धुवायला घेतला आणि खिशातून पांढरा लगदा काढला.

"काय होतं रं ह्ये? कामाचं न्हवतं ना?"

"नव्हतं."

प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांनी माझी फाईल उघडली. टाके बघितले. एकसारखे, बारीक, पानाला न दुखावणारे. "सुंदर शिवलंय. कुणी?"

"आईनं."

"द्वारका आली नाही?"

"कारखान्याला गेलीय सर."

"अरेरे," सर म्हणाले. फाईल पुढं बाहेरच्या परीक्षकांकडं गेली. त्यांनी मधलंच एक पान काढलं. तपकिरी झालेलं, सपाट, मान मोडलेली फुलं. "हे कुठं मिळालं?"

"बांधावर."

"फुलाचा रंग?"

मला माहीत नव्हता. वाळलेल्या फुलाला रंग नव्हता. "पांढरा," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "निळा असतो. जाऊ द्या. वाळल्यावर जातो, विसरला असाल." आणि मला चांगले मार्क दिले. त्या मार्कांवर पुढं बी.एड. झालं, नोकरी लागली, हे घर झालं, हे अंगण.

ती मेमध्ये परत आली. काळी पडली होती. तळहातांवर फोड येऊन गेल्याचे डाग. बाजाराच्या दिवशी दुकानात आली, पण रद्दी मागितली नाही.

"परीक्षा झाली म्हणं."

"झाली."

"कार्ड?"

"टाकलं होतं," मी म्हणालो. "पोचलं नसेल."

ती थोडा वेळ शाम्पूच्या माळांकडं बघत राहिली. "पोस्टाचं काय खरं असतंय," ती म्हणाली. मला वाचवायला एवढं सोपं वाक्य तिनं स्वतःच दिलं. "फाईल तरी दिलीस ना?"

"दिली. कॉलेजातच राहिली ती."

"बघ गावली तर. मार्काचं जाऊंदे. त्यात लई जनांची नावं हायत."

पुढच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर कारखान्याला गेली. मग आमची गाठ आठनऊ वर्षांनी, वडवणीच्या स्टँडवर. कडेवर मूल, पायाशी पोत्यात गुंडाळलेले कोयते. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून शाळेला निघालेलो.

"शेट, मास्तर झालास म्हणं!"

"हो."

"झाक झालं. येकाचं तर झालं." तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता. ती पोराला म्हणाली, "राम राम घाल मास्तरांस्नी." मग जरा पुढं झुकून, "फाईल गावली का रं?"

"नाही," मी म्हणालो.

फाईल तेव्हा माझ्या घरी कपाटात होती. निकालानंतर कॉलेजनं ज्याची त्याला परत दिली होती. त्या कपाटाच्या तळाशी, बायकोच्या जुन्या साड्यांखाली, ती मी लग्नानंतरही ठेवली, दोन घरं बदलली तरी ठेवली, आणि बत्तीस वर्षांत एकदाही उघडली नाही.

परवा उघडली. भर दुपारी, ही धुणं वाळत घालत असताना, कपाटापुढं जमिनीवर बसून. लुगड्याचं फडकं पोपडे पडल्यासारखं सुटलं. आतून तोच वास, वाळल्या पानांचा आणि रद्दीचा. एकेक पान उलटत गेलो. कसर लागलेली. मैद्याची खळ किड्यांना आवडते. बहुतेक लेबलांच्या मागची त्यांनी खाऊन टाकली होती. चौदाव्या की पंधराव्या पानाशी बोटांना खरखर लागली. सपाट, तपकिरी, मान खाली. अंगणातलंच ते, पण बत्तीस वर्षं जुनं. त्याच्यावरचं माझं लेबल, "ट्रायकोडेस्मा इंडिकम, कूळ बोरॅजिनेसी, छोटा कल्पा, ठिकाण वडवणी", हात लावायच्या आत सुटून माझ्या मांडीवर पडलं.

खाली तिचं अक्षर. शाई जांभळी झालेली, पण एक काना पुसलेला नाही.

स्थानिक नाव: खालमुंडी. ठिकाण: कारखान्याचा फड, पाटाच्या कडेला. फुलाचा रंग: आभाळी. वाळल्यावर जातो म्हणून लिहून ठेवला. तोंड बघायचं तर आपण खाली बसावं लागतं. सांगणार: कौसाबाई, कोप्यांतल्या. आपलं नाव कुणी पहिल्यांदाच लिहून घेतलं, असं म्हणाल्या.

परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच होतं, माझ्या खळीखाली.

मी पुढची पानं उलटली नाहीत. उलटलेल्या पानांवरची लेबलं तशीच सैल झालेली होती, फुंकर मारली तरी उडतील अशी. चाळीस झाडं आणि चाळीस माणसं. मी बत्तीस वर्षं समजत होतो की एकीचं घेतलं.

बाहेरून हिचा आवाज आला, "गावलं का नाव?"

"गावलं."

"मंग सांगा की. उपटू का ठिवू?"

"ठेव," मी म्हणालो. "उपटू नकोस. नाव मी सांगतो. जरा थांब, सगळंच सांगतो."

ती दारात येऊन उभी राहिली, हात ओले, पदर खोचलेला. जमिनीवरचा पसारा तिनं बघितला. सांगतो म्हणालो खरा, पण पुढचं तोंडातून निघेना, म्हणून मी आधी हे लिहायला बसलो. हे लिहून झालं की तिलाच पहिल्यांदा वाचायला देणार आहे.

द्वारका आता गेवराईच्या रस्त्यावरच्या एका गावात, लेकाजवळ राहते. मला ते ठाऊक आहे. ती कुठं आहे हे मला ठाऊक नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. मी तिचं देणं लागतो ते असं: तिची फाईल तिच्या हातात द्यायची, आणि तिच्या लेकासुनांसमोर सांगायचं की ही तुझी होती, मी ती माझ्या नावानं दिली, आणि कार्ड पोस्टानं हरवलं नव्हतं, मी ते टाकलंच नव्हतं. हे मी अजून केलेलं नाही.